ज्या स्तोत्रात ‘मी’ नाही

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची शेवटची पाच स्तोत्रे, १४६ ते १५०, एका बैठकीत क्रमाने वाचावीत. पाचही देवाच्या स्तवनाच्या हाकेने सुरू होतात आणि त्याच हाकेने संपतात. सुटी सुटी वाचली तर ती एकाच साच्यातली वाटतात. सलग वाचली की मात्र त्यांच्यात काहीतरी घडत जाते. १४६व्या स्तोत्रात गाणारा स्वतःशीच बोलतो. आपल्या जिवाला जागे करतो, जन्मभर गात राहीन असा शब्द देतो. तिथे ‘मी’ ठळक आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. १४७व्यात तो ‘मी’ मागे सरतो आणि देवाला ‘आपला’ म्हणणारी सगळी मंडळी पुढे येते. १४८व्यात पोचेपर्यंत ‘मी’ही उरत नाही आणि ‘आम्ही’ही उरत नाही. गाणे आहे, हाक आहे. पण हाक देणारा कोण, कुठला, कोणत्या दुःखातून उठून आला, यातले काहीही कळत नाही. ज्यांनी कोणी हा क्रम लावला त्यांना प्रार्थना कशी पिकत जाते याची खोल जाण असली पाहिजे, असे मला ही पाने वाचताना दर वेळी वाटते.

देवाचे स्तवन करताना स्वतःला बाजूला ठेवा, असे ख्रिस्ती मंडळीत वारंवार सांगितले जाते. ऐकताना ते सहज पटते. करायला बसले की खरी अडचण समोर येते. स्वतःला बाजूला ठेवण्याची धडपड म्हणजे पुन्हा स्वतःवरच डोळा. ‘प्रभू, मी काहीच नाही’ असे दहा वेळा म्हटले, तर दहा वेळा ‘मी’ झाला! १४८वे स्तोत्र ही गाठ ज्या रीतीने सोडवते ती मला फार मोलाची वाटते. ते ‘मी’ला हाकलत नाही, त्याला दटावतही नाही. त्याला एक काम देते: इतरांना बोलाव. बोलावणाऱ्याची नजर आपोआप दुसऱ्यांकडे वळते.

आणि बोलावणे तरी कोणाला! सुरुवातच थेट वरून, स्वर्गातल्या दूतांपासून होते. एक मर्त्य माणूस जमिनीवर उभा राहून देवदूतांना स्तवनाला बोलावतो, यातले धाडस आपण सवयीने विसरून गेलो आहोत. लूकच्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या मेंढपाळांसमोर दूत गातात आणि माणसे ऐकतात. इथे माणूस पुढाकार घेतो. मग सूर्य, चंद्र, प्रकाशणारे तारे, आकाशापलीकडचे आकाश, आणि त्याच्याही वर साठलेले पाणी. जुन्या काळच्या माणसाला आकाश हा भक्कम घुमट वाटे आणि त्यावर पाणी तोलून धरले आहे अशी त्याची समजूत होती. आपले विश्वाचे चित्र बदलले, पण या ओळींची झेप कमी झालेली नाही. नजर पोचते त्याच्या पलीकडेही कोणीतरी गाणारे आहे, एवढे त्यांना म्हणायचे आहे.

सूर्य आणि चंद्र या यादीत ज्या सहजपणे येतात, त्याकडे जरा थांबून पाहावे. इस्राएलच्या शेजारी बाबेलमध्ये सूर्य हा शमाश देव होता, मिसरात रा होता. लोक त्यांच्यापुढे हात जोडत. कवी त्यांना नाकारत नाही, त्यांची निंदाही करत नाही. भक्तांच्या रांगेत आणून उभे करतो, बस. ज्याची आरती व्हायची त्यालाच आरती म्हणायला लावले. पुढे समुद्रातल्या अजस्र जलचरांचेही तसेच. आजूबाजूच्या कथांमध्ये ते अंदाधुंदीचे राक्षस होते आणि देवांना त्यांच्याशी झुंजावे लागे. या स्तोत्रात झुंज नाही. राक्षसालाही गाण्यात जागा आहे.

आकाशाचा भाग वरून खाली उतरतो आणि पृथ्वीचा भाग तळापासून वर चढतो: आधी खोल समुद्र, मग हवामान, मग डोंगर, मग झाडे, मग जनावरे, आणि सर्वांत शेवटी माणूस. हवामानाच्या ओळीत वीज, गारा, हिम, धुके आणि देवाचा शब्द पाळणारे वादळ एका दमात येतात. हिम आणि धुके ठीक आहे, पण गारा?

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा शब्द सहज गिळता येणार नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात, विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात अजून लोकांच्या बोलण्यात आहे. काढणीला आलेला गहू आडवा होतो. द्राक्षाचा मणी फुटला की रस गळतो, घड चिकट होतो, कुजायला लागतो. मग उरलेले चांगले मणीही हाती लागत नाहीत. वर्षभराचे कर्ज त्या पंधरा-वीस मिनिटांत डोक्यावर बसते. अशा शिवारातल्या चर्चमध्ये रविवारी कोणी उभे राहून गारांनाही देवाचे स्तवन करायला सांगणारी ओळ वाचते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काय होत असेल?

स्तोत्र गारांना चांगले म्हणत नाही. त्या शिक्षा म्हणून पडल्या असेही सांगत नाही. माझ्या शेताचे त्यांनी काय केले, हा प्रश्नच त्या ओळीत नाही. आणि इथेच ‘स्वतःला बाजूला ठेवणे’ या बोलण्याची खरी किंमत कळते. आपण साधारणपणे सृष्टीतले जे आपल्या उपयोगाचे, तेवढ्याबद्दल देवाची स्तुती करतो: पाऊस वेळेवर आला, पीक आले, मूल बरे झाले. ते उपकारस्मरण आहे, आणि ते हवेच. पण त्यात मोजपट्टी आपलीच राहते. १४८वे स्तोत्र ती मोजपट्टी खाली ठेवते. ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात देव बोलू लागतो, तेव्हा ज्या रानात एकही माणूस राहत नाही तिथे पडणाऱ्या पावसाची गोष्ट तो काढतो. कोणाच्याही कामाचा नसलेला पाऊस! ईयोबाची मुले गेली, गुरे गेली, अंगभर फोड उठले. त्याला उत्तर म्हणून हे सांगितले जाते. मला तरुणपणी हे उत्तर कठोर वाटायचे. आता वाटते की त्यात मोठा श्वास घ्यायला जागा आहे. जग माझ्या सुखदुःखापेक्षा विशाल आहे, आणि ज्याने ते केले त्याचे लक्ष ओसाड रानावरसुद्धा आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. पीक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हे स्तोत्र ऐकवणे हा निर्दयपणा ठरेल. त्या दिवसासाठी याच पुस्तकात दुसरी स्तोत्रे आहेत. तेराव्यात ‘कुठवर?’ हा सवाल पुन्हा पुन्हा देवाच्या तोंडावर फेकला आहे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. कोणी त्याला आशेची शेवटची ओळ जोडली नाही, आणि न जोडणाऱ्यांचे मला आभार मानावेसे वाटतात. बाविसावे वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी आले. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, आणि त्यांत ‘मी’ आहे, रडणारा, भांडणारा, हाडे मोजणारा. या पुस्तकाने ‘मी’चे तोंड कधीच दाबले नाही. त्याला मनसोक्त बोलू दिले आणि मग शेवटाकडे त्याला अशा ठिकाणी आणले, जिथे त्याला स्वतःबद्दल बोलायची गरज वाटेनाशी झाली. १४७ स्तोत्रे आधी गाऊन झालेली आहेत, हे १४८वे वाचताना विसरता कामा नये.

माणूस यादीत येतो तोही कसा! रांगणाऱ्या जिवांच्या आणि पाखरांच्या नंतर. सरपटणारा प्राणी आधी, राजा मागून. मग अधिकारी, न्यायाधीश, तरुण आणि तरुणी, आणि शेवटी म्हातारी माणसे आणि मुले. राजापासून निघालेली ओळ लेकरापाशी येऊन थांबते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही माणूस शेवटी येतो, पण तिथे त्याला सत्ता दिली जाते. इथे सत्तेचा विषय नाही. त्याला फक्त गाण्यात त्याची पाळी मिळते.

रचनेतली एक खुबी इथे पाहण्यासारखी आहे. जुन्या हिब्रू कवींची सवय अशी की दोन टोके सांगायची आणि मधले सगळे त्यात धरायचे. आकाश आणि पृथ्वी म्हटले की सारे विश्व आले. फळझाडे आणि देवदार म्हटले की माणसाने लावलेले आणि रानात आपोआप वाढलेले असे सगळे झाड आले. रानटी जनावर आणि पाळीव गुरे, तरुण आणि तरुणी, म्हातारे आणि लेकरे, सगळ्या जोड्या अशाच. मग गाणारा कुठे आहे? तो या टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. त्याने स्वतःला वगळले नाही आणि स्वतःकडे बोटही दाखवले नाही. नम्रतेचे इतके निर्मळ चित्र मला दुसरीकडे क्वचित दिसले आहे, आणि गंमत म्हणजे नम्रतेविषयी त्यात एक अक्षरही नाही.

सी. एस. लुइस यांनी १९५८ साली स्तोत्रांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ते मोकळेपणाने सांगतात की देवाने सतत स्वतःची स्तुती मागावी हे त्यांना सुरुवातीला खटकत असे. पुढे त्यांच्या ध्यानात आले की माणूस ज्यात रमतो त्याची स्तुती तो कोणी न सांगता करतच असतो, आणि ती बोलून दाखवली नाही तर त्याचा आनंदही अर्धाच राहतो. पहाटे अंगणात आलेल्याला क्षितिजावर काही विलक्षण दिसले की तो आत झोपलेल्यांना हाका मारतो. त्या क्षणी आपण कसे दिसतो याचा विचार त्याच्या मनात येत नाही. १४८व्या स्तोत्रातली हाक मला त्या जातीची वाटते. म्हणूनच तिच्यात आज्ञार्थी क्रियापदांचा एवढा भरणा असूनही हुकमाचा सूर लागत नाही.

अशी हाक रोज यावी असे चर्चने ठरवले, हे मला चर्चच्या फार शहाण्या निर्णयांपैकी एक वाटते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात पहाटेच्या प्रार्थनेतल्या स्तोत्रगायनाचा शेवट १४८, १४९, १५० या तीन स्तोत्रांनी होतो, तोही रोज. त्या पहाटेच्या प्रार्थनेला ‘लॉड्स’ हे नाव या तीन स्तोत्रांवरूनच पडले. रोमच्या चर्चमध्येही हा नेम शतकानुशतके चालला. १९११ साली पोप दहावे पायस यांनी प्रार्थनाग्रंथाची फेररचना केली तेव्हा रोज तिन्ही एकत्र म्हणण्याची रीत तिथे थांबली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती स्तोत्रे प्रातःप्रार्थनेत आजही आहेत. मुळात ही यहुद्यांची ठेव. त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत १४५ ते १५० ही स्तोत्रे आधी येतात, मागणे नंतर. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगमध्येही हाच क्रम.

या रोजच्या म्हणण्याचा फायदा मोठा आहे. पहाटेच्या काळोखात उठलेल्या संन्याशाचे गुडघे दुखत असतील, रात्री कोणाशी वाद झाला असेल, देवावर रागही असेल. तू आज कसा आहेस, हे स्तोत्र त्याला विचारत नाही. ओळी तयार आहेत, त्याने त्यांत सामील व्हायचे. आजच्या पुष्कळ उपासनागीतांत मला हे कमी पडताना दिसते. त्यांत गाणाऱ्याला स्वतःच्या भावनेची सतत ग्वाही द्यावी लागते: मी तुझ्यावर प्रेम करतो, मी तुला शरण येतो, माझे हृदय भरून आले. खरोखर भरून आले असेल तर उत्तमच. पण ज्याचे भरून आले नाही त्याने त्या रविवारी काय गावे? सूर्याला, डोंगरांना, देवदारांना हाक मारायला हृदय भरून आलेले असावेच लागते असे नाही. हाक मारता मारता ते भरून येते, कधी येतही नाही, आणि तरी स्तवन झालेले असते.

१४८व्या स्तोत्राचे एक लेकरू मात्र मूळ स्तोत्राच्या तोडीचे निघाले: असिसीच्या फ्रान्सिसचे सृष्टिगीत. इटालियन भाषेतल्या अगदी आरंभीच्या कवितांत ते गणले जाते. ते कोणत्या अवस्थेत झाले हे माहीत असेल तर त्याची प्रत्येक ओळ वेगळी दिसते. १२२५ साली फ्रान्सिस सान दामियानोला, त्याची अनुयायी क्लारे हिच्या मठाशेजारी एका चटयांच्या खोपटात पडून होता. पूर्वेच्या प्रवासाहून परतल्यापासून डोळे बिघडलेले. दिवसा सूर्याचा उजेड सोसत नव्हता, रात्री शेकोटीचा. खोपटात उंदीर इतके की ते जेवताना ताटावर आणि झोपताना अंगावर धावत, असे त्याच्या सोबत्यांच्या आठवणींत आहे. या माणसाने गीत रचले, आणि त्यात पहिले नाव घेतले सूर्याचे. पुढे अग्नीचे घेतले, रात्र उजळणारा म्हणून. ज्या दोन उजेडांनी त्याला छळले तेच दोन त्याने भाऊ म्हणून गाण्यात घेतले. डोळ्यांची तक्रार गीतात नाही. स्वतःच्या वेदनेवर मात केल्याचा डौलही नाही. हे गीत कोणत्या दुखण्यात रचले गेले, ते गीतावरून कधीच कळले नसते.

पाखरांशी बोलणारा म्हणून फ्रान्सिस जगाला ठाऊक, पण त्याच्या गीतात एकही पाखरू नाही. सूर्य, चंद्र, तारे, वारा, पाणी, अग्नी, माती, एवढेच. त्याने सुरुवातीलाच म्हणून ठेवले आहे की देवाचे नाव घ्यायची योग्यता कोणाही माणसात नाही; म्हणून बहुधा त्याने बोलायचे काम भावंडांकडे सोपवले. त्याच वर्षी रिएतीजवळ वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने त्याच्या कानापासून भुवईपर्यंत डाग दिला. जवळचे बंधू ते न बघवून पळाले. फ्रान्सिसने अग्नीला भाऊ म्हणूनच विनवले की आज माझ्याशी जरा सौजन्याने वाग. गाण्यातली ओळ जगण्यात उतरते ती अशी. पुढे असिसीचा बिशप आणि नगराचा प्रमुख यांच्यात वितुष्ट आले तेव्हा त्याने क्षमा करणाऱ्यांविषयीचे कडवे जोडले आणि ते दोघांसमोर गायला लावले. त्यांच्यात समेट झाला. १२२६च्या शरदात, मरण समोर दिसत असताना, मरणाचे कडवे आले. तिथेही मरण ही बहीण आहे, आणि तिच्यासाठीही स्तवन आहे.

मराठी मंडळीला या परंपरेत शिरायला परके वाटण्याचे कारण नाही. ग्रंथाच्या आरंभी आधी नमन करावे, आपले म्हणणे मागून मांडावे, ही आपल्याकडची जुनी रीत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघी धर्मगुरूने गोव्यात ख्रिस्तपुराण रचले, १६१६ साली राचोलला ते छापले गेले. त्याचाही आरंभ देवाच्या नमनाने होतो आणि त्यात देवाची विशेषणे एकामागून एक ओवीच्या लयीत येतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंग, ओवी, कीर्तन ही सारी सामग्री त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि ‘उपासना संगीत’ हे पुस्तक हातात घेऊन मंडळी त्यांची गीते आजही गाते. १५०व्या स्तोत्रातले डफ आणि झांजा वाचायला आल्या की पेटी-तबल्यावर वाढलेल्या आपल्या मंडळीला त्या थेट कानात ऐकू येतात. त्या स्तोत्रात वाद्यांची रांग आहे, नाच आहे, पण काय गायचे त्याचे शब्द दिलेले नाहीत.

पुन्हा १४८कडे येतो, कारण त्याचे शेवटचे कडवे अजून राहिले. इतका वेळ सगळी हाक एका दिशेने गेली: सृष्टीकडून देवाकडे. माणसाने काही मागितलेले नाही. आजार, शत्रू, भाकर, पाप, कशाचाच उल्लेख नाही. आता अखेरीस एकदाच देव आपल्या लोकांसाठी काही करताना दिसतो. तो त्यांना बळ देतो, त्यांची मान वर करतो. आणि मग त्या लोकांची ओळख सांगितली जाते. बलवान म्हणून नाही, निवडलेले म्हणूनही नाही, जवळचे म्हणून. तारे दूर आहेत, समुद्राचा तळ दूर आहे, दूतसुद्धा उंच कुठेतरी आहेत. या अफाट मेळ्यात सर्वांत शेवटी बोलावलेल्यांनाच ‘जवळचे’ म्हटले आहे. हे त्यांनी मागितलेले नव्हते, आणि स्तोत्रकाराने ‘आम्ही’ म्हणण्याची ही एकुलती एक संधीही घेतलेली नाही. तो त्या लोकांबद्दल ‘ते’ असेच बोलतो, जणू स्वतः त्यांच्यातला नसावा, आणि लगेच पुढच्या हाकेकडे वळतो.